ब्रेकवालीचं पोट

ब्रेकवालीला दिवस गेले, ही बातमी आमच्या गल्लीत फुटली ती टायरवाल्याच्या दुकानातून. सकाळी ती चाकात हवा भरायला गाडी घेऊन आली, दाराला धरून उतरली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि वाकता येईना तेव्हा त्यालाच म्हणाली, मागचा टायर जरा तुम्हीच बघा. टायरवाल्यानं टायर बघितलाच नाही. पोट बघितलं. बातमी गल्लीच्या वरच्या टोकाला पोचली तेव्हा पाचवा महिना होता. खालच्या टोकाला येईतो सातवा लागला. जुळं असणार, असंही एकीनं छातीठोकपणे सांगून टाकलं. पस्तिशी गाठलेली बाई, नवरा मुळातच नाही, घरात कॉलेजात जाणारी लेक, आणि आता हे. त्या दुपारी कित्येकांना दोन घास जास्त गेले.

संध्याकाळी ब्रेकवालीनं घरासमोर गाडी लावली, उतरली, सगळ्यांच्या देखत कुर्त्याखाली हात घालून पट्टा सोडला आणि ते पोट काढून गाडीच्या टपावर ठेवलं. वाळू भरलेली कापडी पिशवी होती ती, लेकीनं शिवलेली. "उजवीकडे घसरतंय गं," तिनं दारातूनच लेकीला सांगितलं, "आणखी एक पट्टा लाव." गल्लीतल्या निम्म्या खिडक्या एकदम लागल्या.

आता शहाणीसुरती बाई पोटाला वाळू बांधून गावभर का हिंडेल, हे समजायचं तर थोडं मागे जावं लागतं.

ब्रेकवाली गाडी चालवायला शिकवते. तिच्या गाडीला दोन ब्रेक आहेत, एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि दुसरा तिच्या. शिकणारा घाबरून भलतंच काही दाबतो, गाडी समोरच्या भिंतीवर जायला निघते, आणि भिंतीच्या हातभर अलीकडे अलगद थांबते. शिकणाऱ्याला वाटतं, आपणच थांबवली. त्याला तसं वाटू द्यायचं, हीच तिची कला. गल्लीतले अर्धे लोक तिच्याकडे शिकलेत आणि त्यांतले बरेच अजून त्याच गैरसमजात आहेत.

पण तिचं स्वतःचं शिक्षण दहावीच्या बाकावर अडकलं, आणि अडकलं म्हणजे खरोखरच अडकलं. त्या शाळेत बसायची फळी आणि लिहायची फळी एकाच लोखंडी सांगाड्यात जोडलेली असते. पुढे सरकत नाही, मागे सरकत नाही. सोळाव्या वर्षी ब्रेकवालीचं पोट वाढलं आणि एक दिवस ते त्या दोन फळ्यांच्या मध्ये मावेना. तोवर ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, तिच्याही नाही. अपचन झालंय म्हणून ती पाचक गोळ्या चघळत होती. हसू नका. तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं. विज्ञानाच्या पुस्तकात शरीराचा तो धडा होता, पण विज्ञानाच्या बाई तिथवर आल्या, खाकरल्या आणि म्हणाल्या, हा तुम्ही घरी वाचा. घरी तो धडा उघडावा तर आई समोर. उरला वरच्या वर्गातला एक मुलगा. त्यानं ठामपणे सांगितलं होतं की पहिल्या वेळी काही होत नाही. त्यालाही ते त्याच्यासारख्याच कुणा विद्वानानं सांगितलेलं.

मुलाच्या बापानं मुलाला आठवड्याच्या आत दुसऱ्या गावी आत्याकडे धाडून दिला. तो तिकडे शिकला, नोकरीला लागला, सुखात आहे. पोट त्याचंही सुटलंय म्हणतात, पण त्यापायी त्याला कुणी शाळेतून घरी पाठवलं नाही. ब्रेकवालीच्या आईनं तिला आधी एक ठेवून दिली, मग ताट वाढलं, मग शेजारी बसून रडली, आणि हा क्रम बरेच दिवस चालला. शाळेनं काही हाकलून दिलं नाही. विज्ञानाच्या बाई फार गोड बोलल्या. बाळा, आता घरीच अभ्यास कर, परीक्षा पुढच्या वर्षी देशील.

ते पुढचं वर्ष काही आलं नाही. लेक आली. लेकीमागून दुधाची ओढाताण आली, जागरणं आली, अशक्तपणा आला, मैत्रिणींचं रस्ता ओलांडून पलीकडून जाणं आलं. सोळाव्या वर्षी पोरीला स्वतःलाच कुणीतरी निजवायला हवं असतं, तिथं ती दुसऱ्याला निजवत होती. मग मावशीचा नवरा पावाची गाडी चालवायचा, त्याच्याबरोबर ती दुकानांतून पाव उतरवायला जाऊ लागली. लेक रिकाम्या ट्रेमध्ये, गरम पावांच्या शेजारी गाढ झोपायची. अजूनही त्या पोरीला बेकरीपुढून जाताना जांभई येते. गाडी चालवायला ब्रेकवाली तिथंच शिकली, आणि मागे ट्रेमध्ये झोपलेलं मूल जागं होऊ नये इतक्या हलक्या पायानं ब्रेक लावायलाही.

तर यंदा इस्त्रीवाल्याची मुलगी, तीच शाळा, तीच दहावी, आणि तेच. मुलगी हुशार, चष्म्याआडून सगळ्या जगाकडे संशयानं बघणारी. पोट दिसू लागलं तशी ती बापाच्या दुकानात कपड्यांच्या ढिगामागे बसून राहू लागली. ब्रेकवाली कपडे घ्यायला गेली तेव्हा इस्त्रीवाला मान वर न करता म्हणाला की हेडबाई चांगल्या आहेत हो, म्हणाल्या घरी अभ्यास कर, परीक्षा पुढच्या वर्षी दे. कपडे तिथंच टाकून ब्रेकवाली बाहेर पडली. या मुलीचं पुढचं वर्ष कसं असणार, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार होतं?

योगायोग असा की हेडबाई तिच्याकडेच गाडी शिकत होत्या. निवृत्तीला टेकलेल्या, शाळेत करड्या आवाजाच्या, पण स्टिअरिंग हातात आलं की पहिलीतल्या पोरासारख्या. आणि ब्रेकवालीचा एक नियम आहे: गाडी चालू असताना शिकणाऱ्यानं बोलायचं नाही, फक्त ऐकायचं. हेडबाईंना गप्प बसवून चार गोष्टी ऐकवता येतील अशी जागा उभ्या गावात ती एकच.

तिनं गाडी चढावर न्यायला लावली, तोच टायरवाल्याच्या दुकानावरून वर जाणारा चढ. मधोमध थांबवली. आता क्लच अर्धा सोडा, गाडी मागे जाऊ द्यायची नाही, नजर समोर. हेडबाईंच्या कपाळावर घाम आला. तेव्हा ब्रेकवालीनं इस्त्रीवाल्याच्या मुलीचा विषय काढला.

हेडबाईंनी नियम मोडला. मी तिला काढत नाहीये हो मॅडम, त्या म्हणाल्या, तिच्या भल्यासाठीच सांगतेय. वर्गात मुलं हसतील. पुढच्या वर्षी निवांत बसेल परीक्षेला.

"बाई," ब्रेकवाली म्हणाली, "मलाही तुम्ही अगदी हेच म्हणाला होतात."

हेडबाईंनी नजर समोरून काढली. शेजारी बसलेल्या या जाडजूड, कापलेल्या केसांच्या, गॉगलवाल्या बाईच्या तोंडाकडे त्या बघत राहिल्या आणि हळूहळू त्यांना त्यात दोन वेण्या दिसू लागल्या.

"तू? मागच्या बाकावरची?"

"मागचीच. तो धडा तुम्ही घरी वाचायला सांगितला होतात. मी नाही वाचला."

हेडबाईंचा पाय क्लचवरूनही सुटला आणि ब्रेकवरूनही. गाडी एक गचका खाऊन बंद पडली, घाबरून त्यांनी पुन्हा क्लचच दाबला आणि ती मागे घरंगळू लागली. आणि ज्या बाईनं आजवर कुणाचीही गाडी कशावरही जाऊ दिली नव्हती, ती आपल्या पायाशी ब्रेक आहे हे साफ विसरली. इतक्या वर्षांनी मनातलं ओठांवर आलं होतं, पायाकडे लक्ष कोण देणार? गाडी आरामात मागे मागे येत टायरवाल्याच्या दुकानापुढच्या जुन्या टायरांच्या चळतीत जाऊन बसली. कुणाला खरचटलं नाही. टायर मात्र सुटले आणि उतारावरून असे पळाले की जणू वर्षानुवर्षं याच संधीची वाट बघत होते. एक न्हाव्याच्या दुकानात शिरला. टायरवाला त्यांच्यामागे, त्याच्यामागे त्याचा मुलगा, मुलामागे कुत्रं.

गाडीत ब्रेकवालीला हसू फुटलं. हेडबाईंनी स्वतःचं दाबायचा प्रयत्न केला, पण आरशात टायरवाला गोल गोल धावताना दिसला आणि त्यांचाही बांध सुटला. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले, ते हसण्यानंच की कशानं, हे ब्रेकवालीनं विचारलं नाही.

डोळे पुसून हेडबाई म्हणाल्या, उद्यापासून ती वर्गात बसेल. बाकावर नाही मावणार, तर माझी खुर्ची आणि टेबल तिला. मग म्हणाल्या, तो धडाही मी शिकवीन. आजवर एकदाही शिकवला नाही गं. जीभच रेटत नाही. तू शेजारी बसशील?

"शेजारी बसण्याचाच तर धंदा आहे माझा," ब्रेकवाली म्हणाली.

म्हणून ती वाळूची पिशवी, वर्गातल्या मुलांना बांधायला; आधी दिवसभर स्वतः बांधून बघितलेली. पट्टे दोन झाले, पोट जागेवर राहू लागलं आणि धड्याच्या दिवशी ब्रेकवाली ते घेऊन दहावीच्या वर्गात गेली. हेडबाईंनी खाकरून सुरुवात केली, दोनदा पाणी प्यायल्या, पण धडा पुरा केला. मूल कसं राहतं, पहिल्या वेळीही कसं राहतं, राहू नये म्हणून काय करता येतं, नको असेल तर नाही कसं म्हणायचं, आणि समोरच्यानं ते नाही कसं ऐकायचं. मग ब्रेकवालीनं मुलांना एकेक करून पिशवी बांधली आणि सांगितलं, बसा आता बाकावर. एकही बसेना. सगळ्यात जास्त खिदळत होता तो टायरवाल्याचा मुलगा, म्हणून त्याला ती दिवसभरासाठी मिळाली. जिने चढताना तो दोन्ही मजल्यांवर थांबला. बुटाची नाडी सुटली तेव्हा ती बांधायला त्यानं इतके प्रकार करून बघितले की इस्त्रीवाल्याच्या मुलीला राहवलं नाही. ती हेडबाईंच्या खुर्चीतून उठली आणि म्हणाली, "तसं नाही रे. आधी भिंतीला धर. मग पाय बाकावर ठेव." वर्ग हसला आणि तीही हसली. कित्येक दिवसांनी तिचे दात दिसले.

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकलेलं बरं, उगाच कुणाचा जीव टांगणीला नको. मुलगी परीक्षेला बसली. बाळानं समंजसपणा दाखवला आणि शेवटच्या पेपरपर्यंत कळ काढली. मुलगी झाली, अगदी आजोबांसारख्या नाकाची. मूल ज्याचं, त्या वर्गमित्राला यावेळी कुणी आत्याकडे धाडलं नाही. रोज संध्याकाळी लंगोट धुवायचं काम त्याच्याकडे आहे, आणि ते इस्त्रीवाल्याच्या पसंतीस उतरल्याशिवाय दोरीवर जात नाहीत. इस्त्रीवाला स्वतः नातीच्या वीतभर झबल्याला कडक इस्त्री मारतो, गिऱ्हाईक ताटकळत उभं का असेना. सगळं सोपं झालं असं नाही. मुलीच्या डोळ्यांखाली काळं आलंय, पुस्तक उघडलं की बाळ रडतं आणि बाळ निजलं की तिला स्वतःला झोप येते. पण ती पास झाली, पुढच्या वर्गात गेली, आणि ब्रेकवाली बाळाला मागच्या सीटवर घालून तिला कॉलेजच्या दारात सोडते. शिकणारा जो कोण पुढे बसलेला असेल, त्याला त्या दिवशी फार हळू चालवावं लागतं.

पण या सगळ्याच्या आधी एक अडथळा होता, तो त्या पिशवीमुळेच आला. टायरवाल्याचा मुलगा त्या दिवशी पोट घेऊनच घरी गेला. बापानं दार उघडलं आणि दारातच मटकन बसला. दुसऱ्या दिवशी पालक गोळा करून तो थेट दहावीच्या वर्गात आला. टायर पळवल्याचा राग होता, अंदाज फसल्याची नामुष्की होती, आता हे निमित्त मिळालं. त्या मुलीला आधी घरी बसवा, तिला बघून बाकीच्या बिघडतील, असं त्याचं म्हणणं होतं, आणि मागून चारपाच माना हलत होत्या. हेडबाई उभ्या राहिल्या, खाकरल्या आणि पाण्याचा ग्लास शोधू लागल्या. दाराशी इस्त्रीवाला चुळबुळत होता, चला, घरी नेतो तिला, असं म्हणायच्या बेतात. तो एक शब्द बोलला असता तर मुलीची खुर्ची गेली होती.

पिशवी परत न्यायला आलेली ब्रेकवाली कोपऱ्यातल्या बाकावर बसली होती. बसली म्हणजे फळ्यांच्या मध्ये कशीबशी शिरली होती, कारण आता ती तशीच अंगानं भरलीय. टायरवाल्यानं मोर्चा तिच्याकडे वळवला. म्हणाला, आणि तुम्ही बाई, लाज नाही वाटत? कोवळ्या पोरांना असलं भलतंसलतं शिकवलं तर ती तेच करणार.

ब्रेकवाली जागेवरून हललीही नाही.

"मला तर कुणीच काही शिकवलं नव्हतं, दादा," ती म्हणाली. "तरी मुलगी झालीच की."