शेंदूर फासलेला मैलाचा दगड
तेलात कालवलेल्या शेंदराचा वास आला की मला देवळीकडचा जुना रस्ता आठवतो. रुंदीकरणात तिथल्या चिंचा आधीच तोडल्या होत्या, आता इंग्रजांच्या काळातला मैलाचा दगडही जाणार होता. आमच्या अर्जांना कोणी विचारेना, म्हणून आम्ही गावकऱ्यांनी त्या दगडालाच शेंदूर फासला. शेजारचे काका म्हणाले, "आता याले कोन हात लावते?" सकाळी जेसीबीवाला आला. दगड पाहून तो खाली उतरला, त्यानं चपला काढल्या, नारळ फोडला. "माफ करजो देवा, मले वरून आर्डर हाये," म्हणाला आणि दगड बुडासकट उपटला. मग त्यानं आम्हालाच खोबरं वाटलं. प्रसादाला नाही कसं म्हणायचं? आम्ही हात पुढे केले. खोबरं गोड निघालं, हेच मला आजही सहन होत नाही.