गंमत नव्हे, गमत

"बाबा, जेवले काय?"

"गंमत."

"पाय दुखते?"

"गंमत."

किसनकाकांचा मुलगा प्रमोद हसला. मलाही हसू आलं. अमरावतीच्या आमच्या दवाखान्यात दुपारी कूलर घरघरायचा, वाळ्याचा ओला वास यायचा आणि काकांचा तो एकच शब्द खोलीत तरंगत राहायचा. ऐकता ऐकता वाटायचं, आपलाही डोळा लागणार.

मी स्पीच थेरपिस्ट. स्ट्रोकनंतर काहींची वाचा जाते, त्याला आम्ही अफेजिया म्हणतो. दुसऱ्याचं बोलणं समजतं, पण स्वतःचे शब्द सापडत नाहीत. कधी एखादाच शब्द उरतो आणि सगळ्या प्रश्नांना तोच बाहेर पडतो.

काकांना हाच का उरला, हे कोणाला कोडं नव्हतं. दर्यापूरकडच्या त्यांच्या गावात खडी गंमत व्हायची. उभ्याउभ्या नाचगाणं, सोंगं, लोक हसून बेजार. ढोलकीवर काका. म्हणून प्रमोद मोबाइलवर तसले व्हिडिओ लावायचा. काका मात्र भिंतीकडे तोंड फिरवायचे. ते मला खटकायचं.

"उद्या डिस्चार्ज, मॅडम. आता बाबाले अकोल्याले नेतो, माह्या फ्लॅटवर. गावचं घर इकून टाकतो. बाबा, येता ना?"

"गमत," काका म्हणाले. डोळे भरून आले होते.

माझी गुंगी खाडकन उतरली. अनुस्वार कुठे गेला?

करमत नाही, याला वऱ्हाडात 'गमत नाही' म्हणतात. गंमत हा शब्दही त्याच गमण्यातून आला असावा. जिथं जीव रमतो, ती गंमत. आणि अफेजियात वाक्याचं शेपूट गळून पडणं नेहमीचंच. इथं 'नाही' गळालं असेल तर?

आमची एक साधी युक्ती असते. वाक्य सुरात म्हणायचं, रुग्णाच्या डाव्या हातावर ताल द्यायचा, शेवट त्याच्यावर सोडायचा. ढोलकीवाल्याचाच हात तो. त्यानं लगेच ताल धरला.

"मले गावात..."

"गमते."

"मले अकोल्यात..."

काकांनी ताल मोडला, मान हलवली. मग, "गमत... नाई."

प्रमोद स्टूल ओढून काकांजवळ बसला. "बाबा, अन् मी हासून राहिलो होतो!"

घर विकलं नाही. काका गावी गेले. त्यांचा धाकटा भाऊ तिथं शेजारीच राहतो, तो त्यांच्याकडे बघतो. प्रमोद सुटीच्या दिवशी खच्चून भरलेल्या जीपमधून त्यांना भेटायला जातो. काकांचे शब्द अजून थोडेच आहेत, पण व्हिडिओ लावला की आता ते मांडीवर बोटं वाजवतात.

केसपेपरवर मी 'गंमत' लिहिलं होतं. त्यातला अनुस्वार खोडला. एवढ्याशा टिंबापायी एक घर जाणार होतं.