उलटं फिरलेलं चाक

आमच्या गावात हिल्क्काला दोन नावं होती. शाळेतली पोरं तिला 'वाटाण्याचं सूप' म्हणायची, कारण शाळेच्या स्वयंपाकघरात दर गुरुवारी ती तेच रांधायची. मोटारींच्या रॅलीतली माणसं तिला 'एकचाकी' म्हणायची, पण पाठीमागे. तोंडावर म्हणणारा मी एकटाच. शर्यतीत तिच्या शेजारच्या सीटवर वहीतली वळणं वाचून दाखवत मीच बसायचो आणि चढावर गाडी रुतली की उतरून ढकलायचोही मीच, त्यामुळे तेवढा हक्क माझा होता.

एकचाकी का, ते सांगतो. गाडीच्या मागच्या आसाला मधोमध एक लोखंडी पोट असतं, त्यात डिफरन्शिअल. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त पळावं लागतं, म्हणून हे यंत्र दोन चाकांना आपापल्या चालीनं फिरू देतं. बाजारहाटाला ते ठीक आहे. बर्फावर मात्र ते अक्कल गहाण टाकतं. एक चाक घसरलं की सगळा जोर त्या घसरणाऱ्यालाच देतं, आणि पक्क्या जागेवर उभं असलेलं दुसरं चाक नुसतं बघत बसतं. आमच्या नगरपालिकेतही असंच चालतं, पण तिथं कुणी बुडत नाही.

ज्यांच्या खिशात पैसा असतो ते घसरण सुरू झाली की दोन्ही चाकांना जखडणारं चकत्यांचं लॉक बसवतात. ते अख्ख्या गाडीपेक्षा महाग. आमच्यासारखे पोटातल्या गराऱ्या सरळ वेल्ड करून टाकतात, म्हणजे दोन्ही चाकं कायमची एकत्र फिरतात. खर्च फक्त वेल्डिंगच्या कांड्यांचा आणि एका दुपारचा. खोट एवढीच, की अशी गाडी वळायला कुरकुरते. नीट हाणली नाही तर नाकासमोर निघून जाते.

अख्ख्या जिल्ह्यात ही जोड हिल्क्कासारखी कुणालाच जमत नव्हती. बोटी दुरुस्त करणाऱ्या बापाकडून ती शिकली होती. तिची जोड तुटली असं कुणी ऐकलं नव्हतं. आणि तरी तिच्या स्वतःच्या गाडीचा आस उघडा होता, फॅक्टरीतून आला तसा. ती कायम शेवटून पहिली यायची आणि त्याबद्दल कुणी विचारत नसे, कारण सगळ्यांना ठाऊक होतं.

तिचा थोरला भाऊ ताइस्तो, तो हाउकी नावाच्या सरोवरात बुडून गेला. हिवाळी रॅलीच्या आदल्या दिवशी तो गोठलेल्या सरोवरावर एकटाच सरावाला उतरला होता आणि वर बर्फाचं वादळ होतं. नांगरून काढलेल्या वाटेला वळण होतं. तिथं त्याची गाडी वळली नाही, सरळ ओढ्याच्या मुखाकडे गेली. तिथं खालून पाणी वाहतं आणि बर्फ पातळ असतो. गाडीतला आस हिल्क्कानं वेल्ड केलेला होता. गाडी का वळली नाही याचं उत्तर दफनविधीला आलेल्या प्रत्येकाच्या डोळ्यांत होतं, आणि आमच्याकडे एकदा डोळ्यांत आलेली गोष्ट तोंडावाटे बाहेर पडत नाही. ती तिथंच राहते, वर्षानुवर्षं.

त्यानंतर हिल्क्कानं वेल्डिंगचा मुखवटा खुंटीला लावला. ताइस्तोची बायको इर्या तिच्याशी बोलेनाशी झाली. भांडली नाही, रस्ता बदलला नाही. दुकानात समोर आली की मान हलवायची आणि पावाच्या फळीकडे वळायची. हिल्क्का तेवढ्या मान हलवण्यासाठीही आधीपासून उभी राहायची. मला त्या दोघींचा राग यायचा, पण मला विचारतो कोण.

आणि सरोवराचं काय सांगू. कडक थंडीत बर्फ ओरडतो, हे आमचं लहान मूलही जाणतं. या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत तडा जातो आणि जमिनीखालून कुणी दार लोटल्यासारखा आवाज होतो. पण ओढ्याच्या मुखाशी वेगळा आवाज येतो असं लोक म्हणत. इंजिनाचा. चढत जाणारा, न थांबणारा. त्या वादळात सरोवराकाठच्या म्हाताऱ्यांनी तसा आवाज बराच वेळ ऐकला होता. कुणी तरी सराव करतंय म्हणून त्यांनी पडदे ओढले. पुढे दर हिवाळ्यात तो ऐकू येऊ लागला. मी ऐकला नाही. हिल्क्कानं मात्र पलंग सरोवराच्या बाजूच्या खोलीतून हलवून रस्त्याच्या बाजूला नेला, आणि कारण विचारलं तर म्हणाली, "तिकडे गारठा येतो."

ताइस्तोची मुलगी मेर्वी मोठी झाली आणि पेट्रोल पंपावर नोकरीला लागली. रक्त लपत नाही. एके दिवशी ती हिल्क्काच्या दारात येऊन उभी राहिली.

"आत्या, मला रॅलीची गाडी बांधायचीय."

"बांध की. पुढच्या चाकांवर चालणारी घे. पुढची चाकं ओढतात, मागचा भाग मुकाट येतो. स्वस्त आहे, चुकलीस तरी माफ करते."

"माफी नकोय मला, मजा हवीय."

"मग चारही चाकांची घे आणि गिअरपेटी मोडली की आईचं घर विक."

"मागच्या चाकांची घेतलीय," मेर्वी म्हणाली. "जुनी स्वीडिश. बाहेर उभी आहे. मागचा आस तू वेल्ड करून दे."

हिल्क्कानं हातातला कप खाली ठेवला. "नाही."

"मग पंपावरचा यूसी करून देतो म्हणाला."

"यूसीला पावाला लोणी लावता येत नाही धड."

"म्हणूनच तुझ्याकडे आले ना. आईला कळलं तर ती घराबाहेर काढेल मला. तरी आले."

खरा पेच तिथंच होता. हिल्क्कानं नाही म्हटलं तर पोर यूसीची कच्ची जोड घेऊन बर्फावर जाणार. हो म्हटलं तर भावाला जे दिलं तेच त्याच्या मुलीला द्यायचं. ती काहीच बोलली नाही, आणि मेर्वीनं गप्प राहण्याचा अर्थ आपल्याला हवा तसा लावला.

पुढच्या शनिवारी मेर्वी माझा ट्रॅक्टर मागून मागचा आस घेऊन आली. जंगलातल्या रस्त्यांना आसात खालच्या गिअरसारख्या गराऱ्या लागतात, म्हणजे वेग कमी पण ओढ जबरदस्त. तसा आस आमच्या भागात मिळत नाही. हा तिला भंगारवाल्या उन्तोच्या शेवटच्या शेडमध्ये मिळाला होता, दोन्ही चाकं अजून लावलेली. आम्ही तो हिल्क्काच्या गॅरेजमध्ये आधाराच्या लोखंडी घोड्यांवर ठेवला. चाकं अधांतरी. आतून बाहेरून सगळा गोठलेला. एका चाकाच्या तबकडीत बर्फाचं ढेकूळ अडकलं होतं. मी शेगडी पेटवली.

हिल्क्का कॉफी घेऊन आली आणि दारातच थांबली. आसाच्या पोटावर निळ्या रंगाचा पट्टा होता. आपल्या प्रत्येक कामावर ती तसा पट्टा ओढायची.

"कुठून आणलास हा?" तिनं विचारलं.

मेर्वीची मान खाली गेली. "उन्तोकाका म्हणाले, बुडालेल्या गाडीतलं काही घ्यायचं तर टपावर टकटक करून मागून घ्यायचं. मी मागितलं, आत्या. बाबा, घेते, असं म्हटलं."

हिल्क्का उलट्या खोक्यावर बसली. तिला उठवायला हवं, आस परत न्यायला हवा, हे मला कळत होतं. पण मी हललो नाही. बाहेर दुपारीच अंधारून आलं होतं. शेगडीच्या उबेनं आस पाझरू लागला. पोटाच्या खालच्या फटीतून पाणी ठिबकत होतं, काळपट, आणि त्याला सरोवराच्या गाळाचा वास होता. दूर सरोवरावर बर्फ तडकला आणि पायाखालची फरशी हलकीशी थरथरली.

मग डावं चाक फिरलं.

कुणी हात लावला नव्हता. ते सावकाश, पाव वळसा फिरलं आणि थांबलं. माझ्या मानेवरचे केस उभे राहिले. बर्फाचं ढेकूळ सुटून एका बाजूला कललं, त्याच्या वजनानं चाक फिरलं, हे मला लगेच समजलं. समजून काही फरक पडला नाही. कारण हिल्क्का डाव्या चाकाकडे बघतच नव्हती. ती उजव्याकडे बघत होती.

"रौनो, उजवं चाक कुठं फिरलं?"

"फिरलं की."

"कुठल्या बाजूला, ते विचारतेय."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वेल्ड केलेल्या आसाची दोन्ही चाकं एकाच बाजूला फिरतात. उजवं चाक उलट फिरलं होतं.

ती उठली आणि डावं चाक हातानं पुढे ढकललं. पलीकडे कुणी तरी वाकून बसलंय आणि मुद्दाम विरुद्ध ओढतंय, तसं उजवं चाक मागे गेलं. पुन्हा ढकललं. पुन्हा मागे.

"जोड तुटली माझी," ती म्हणाली. आवाज फारच लहान होता.

पाना तिनं स्वतः घेतला. झाकण निघालं तसा पाण्याचा आणि तेलाचा राखाडी लगदा तिच्या मनगटांवर आला. तिनं चिंधीनं गराऱ्या पुसल्या, दिवा जवळ धरला आणि बोटानं एकेक दात चाचपला. तुटकी जोड नव्हती. जोडच नव्हती. त्या गराऱ्यांना वेल्डिंगचा स्पर्शही कधी झाला नव्हता.

"बदलल्यात," मी म्हणालो. "कुणी तरी आतला संच बदललाय."

"कुणी तरी म्हणजे कोण? हा आस त्याच्याशिवाय कुणी उघडला नसता."

मेर्वी टायरांपाशी बसली होती. बर्फाच्या टायरांना बारीक पोलादी खिळे असतात. "आत्या," ती म्हणाली, "या उजव्या टायरचे सगळे खिळे जागेवर आहेत. डाव्याचा एकही नाही. बघ, रबरसुद्धा जळलंय."

आम्ही दोघांनी बघितलं. पुढे कुणी काही समजावून सांगायची गरज उरली नाही. वादळात त्याला वळण दिसलं नसावं. गाडीचं नाक पातळ बर्फात उतरलं होतं, मागची चाकं अजून पक्क्या बर्फावर होती. डावं चाक काचेसारख्या गुळगुळीत बर्फावर घसरत राहिलं, खिळे उपटून जाईपर्यंत, रबर जळेपर्यंत. आणि उजवं, खिळ्यांवर ठाम उभं, नुसतं बघत बसलं. तो आत बसून, गाडी मागे घ्यायला, पेडल दाबत होता. गाडी सोडून उडी मारणाऱ्यांतला ताइस्तो नव्हताच. दोन्ही चाकांनी एकत्र जोर लावला असता तर ती गाडी मागे आली असती. म्हाताऱ्यांनी पडदे ओढून ऐकलेला आवाज तो होता.

हिल्क्कानं पाना खाली ठेवला. तिची जोड आत असती तर भाऊ वाचला असता. इतकी वर्षं ती मान खाली घालून जगली, ती न केलेल्या पापासाठी. मला इतका आनंद झाला की मी तिचा खांदा दाबला. तिनं माझा हात बाजूला सारला. तिच्या डोक्यात पुढचा प्रश्न आला होता.

"पण काढली का त्यानं?"

मेर्वी टायरांपासून उठली. "आई सांगते, ती त्या आठवड्यात बाबांच्या मागेच लागली होती. हिल्क्काचं ते वेल्डिंग काढ, मला भीती वाटते, म्हणून. बाबा नुसते हसले. आई अजून म्हणते, ऐकलं असतं माझं तर..." ती थांबली. मग तिचा चेहरा बदलला. "आत्या, त्यांनी ऐकलं होतं."

शेगडी फुरफुरत होती. बाहेर गाडीचे दिवे खिडकीवरून सरकले, अंगणात बर्फावर पावलं वाजली, आणि दारात इर्या उभी राहिली. उन्तोच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे आम्ही विसरलो होतो.

तिनं आसाकडे बघितलं, निळ्या पट्ट्याकडे बघितलं. दुसरं काही बघून कळण्यासारखं नव्हतं तिला. गाडीतलं तिला पेट्रोलच्या झाकणापलीकडे काही कळत नसे.

"त्याच्या गाडीतलाच ना हा?"

"हो, वहिनी."

"आणि आता माझ्या मुलीच्या गाडीत घालतेस. पुन्हा तसाच जोडून."

"जोडणार. न जोडता मी तिला बर्फावर जाऊ देणार नाही."

"मी त्याला सांगत होते. हात जोडून सांगत होते. ऐकलं असतं माझं तर आज—" इर्याचा आवाज फाटला. "तू तरी सांग. तुझ्या त्या जोडणीनंच गेला की नाही तो?"

मेर्वीनं तोंड उघडलं. मीही उघडलं असतं. खरं एका वाक्यात होतं आणि उघडा आस समोर होता. हिल्क्कानं आमच्याकडे वळून बघितलं आणि आम्ही दोघंही गप्प झालो. अशी नजर मी तिची कधी बघितली नव्हती.

"हो," ती इर्याला म्हणाली. "कच्ची जोड होती, वहिनी. घाईत केली होती, नीट तापवली नाही. वेल्डिंगचा दोष नव्हता, माझ्या हाताचा होता. आता तसं होणार नाही. यावेळी नीट करते."

जिची जोड जिल्ह्यात कधी तुटली नाही, ती बाई हे बोलत होती. मी शेगडीत उगाच लाकूड घातलं.

इर्यानं हातमोजे काढले, कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि बसली. त्या घरात ताइस्तो गेल्यापासून ती कधी बसली नव्हती.

"मला वाटतच होतं," ती म्हणाली, हळू, जवळजवळ प्रेमानं. "पण तू कबूल केलंस, हे काही थोडं नाही."

"कॉफी घेतेस, वहिनी?" हिल्क्कानं विचारलं, आणि मनगटावरचा राखाडी लगदा पुसून ती कप धुवायला आत गेली.