शेवटचं पान आधी

तोंडवलीच्या एका रिसॉर्टवर लेखकांचं शिबिर होतं. विषय, अभिजात कादंबऱ्यांकडून काय शिकावे. वक्ते एक जाडजूड कादंबरी छातीशी धरून बोलत होते. पुस्तक न उघडता नुसतं धरणाऱ्या माणसाचा मला संशय येतो. थोर कादंबरी वाचकाला शेवटच्या पानापर्यंत अंधारात ठेवते, हा त्यांचा मंत्र. तो मी संशयासकट घरी आणला.

माझ्या कादंबरीत नायकाचे वडील घर सोडून जातात. ते का गेले, हे मी सगळ्या प्रकरणांतून खरवडून काढलं आणि शेवटच्या पानावर नेऊन ठेवलं. आता बाड प्रकाशकाकडे पाठवायचं होतं. त्याआधी शेजारच्या निवृत्त टीचरना वाचायला दिलं. त्या व्हरांड्यात बसून जुन्या कादंबऱ्या पुन्हापुन्हा वाचतात.

त्यांनी बाड उलटं केलं आणि शेवटचं पान वाचायला घेतलं.

“टीचर, ह्यां काय? मग वाचूक काय उरतलां?”

“दशावतारात राक्षस मरतलो ह्यां तुका म्हायत नसता? तरी सकाळपर्यंत बसतंस मां?” त्यांनी मांडीवरची जुनी कादंबरी थोपटली. “ही बाय शेवटाक मरता. माका ठावक आसा. तरी दर खेपेक वाटता, ह्या लग्नाक होय म्हणा नको गो!”

मला वाटलं, वाचायचं टाळण्याची ही सभ्य युक्ती असणार. आयुष्यभर मुलांच्या सबबी ऐकलेल्या बाईंना एखादी जमायचीच.

पण आठवड्याने त्यांनी मला हाक मारली.

“बापूस कित्याक गेलो, ता तुज्या सगळ्या माणसांक पयल्यापासून म्हायत आसा. आवशीक म्हायत, काकाक म्हायत. तरी एकय बोलणा नाय. घरात अशी माणसां असतत रे? तू सांगितलंस म्हणान गप बसली हत ती.”

“लोकांक शेवट कळूचो नाय म्हणान...”

“माका कळलो. मगे फक्त तुजी लपवालपवी दिसली.”

त्यांनी त्यांची कादंबरी माझ्या हातात दिली. शिबिरात वक्त्यांनी छातीशी धरली होती, तीच. मी शेवटचं पान आधी वाचलं, मग सुरुवातीपासून. नायिका मरणार हे ठाऊक असूनही लग्नाच्या प्रकरणात मला पुस्तक मिटावंसं वाटलं. कुणीच काही लपवत नव्हतं. वक्त्यांनी ती कादंबरी उघडलीच नसावी, हा संशय पक्का झाला; पण त्याचा मला काही उपयोग नव्हता.

बाड पाठवलं नाही. वडिलांना पहिल्याच पानावर, कारणासकट, घराबाहेर काढलं. उरलेली पानं मग कशासाठी आहेत, ते आता शोधतोय.