नावेवरची पेताड चूल

या सदरातले अमानवीय अनुभव मी दर महिन्याला वाचतो... जेवणानंतर, आडवा होऊन, आणि खरं सांगायचं तर झोप यावी म्हणून. पिंपळावरून हडळ उतरली की माझा डोळा लागतो. असल्या गोष्टींवर माझा विश्वास कधी बसलाच नाही. गेवराईच्या तहसिलीत मी नक्कलनवीस. दुसऱ्यांनी लिहिलेले कागद सुवाच्य अक्षरात उतरवून काढायचे, एवढंच माझं काम. स्वतःच्या मनचं लिहायची ही पहिलीच वेळ. तेव्हा अक्षर चांगलं असेल, मजकुराचं तुम्ही बघून घ्या.

बरीच वर्षं झाली. त्या पावसाळ्यात हिला, म्हणजे आमच्या कुटुंबाला, विषमज्वर झाला. ताप उतरला, पण जाताना जिभेची चव घेऊन गेला. काही द्या, ही म्हणायची, "माती लागतंय," आणि तोंड फिरवायची. हाताला धरून बसवावं लागे. आवाज तर इतका बसला होता की ओठांवरून बोलणं ओळखायचं. हकीमसाहेबांनी मला बाहेर बोलावून स्पष्ट सांगितलं, की औषधं संपली, आता अन्न हेच औषध. पोटात काही गेलं तर उठतील. नाही गेलं तर... पुढचं त्यांनी दाढी कुरवाळून सांगितलं.

हिला माहेरची ओढ लागली होती. माहेर मंजरथचं, गंगेच्या काठी. (आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात.) पण दसरा होऊनही काळ्या रानातल्या वाटा वाळलेल्या नव्हत्या, आणि बैलगाडीचे धक्के हिला सोसणार नाहीत असं हकीमसाहेब म्हणत. म्हणून नावेनं जायचं ठरलं. राक्षसभुवनच्या घाटावरून प्रवाहाबरोबर खाली. वाटेत मुक्काम करत गेलं की मंजरथ.

नाव भिवाबा भोयाची. वय झालेलं, पण वल्हं हातात असलं की पोरासारखा. त्यानं एकच अट घातली. नावेवर तट्ट्याचं छप्पर आहे, खाली गवत अंथरलंय, तेव्हा लाकडाची चूल नाही. एक ठिणगी उडाली की सगळेच गंगार्पण. आणि हिला तर दर थोड्या वेळानं गरम, ताजं काहीतरी पुढं करायचं होतं.

यावर उपाय काढला आमच्या करीमभाई कल्हईवाल्यानं. कुणा मोजणीच्या साहेबाचा जुना स्पिरिटचा स्टो त्याच्याकडे पडून होता. पितळेची वाटी, आत कापूस कोंबलेला, वर तिवई. ठिणगी नाही, धूर नाही, आणि चुकून काही पेटलंच तर पाण्यानं विझतं. साहेब लोक बोटीवर हाच वापरतात, असं करीमभाईनं मोठ्या अभिमानानं सांगितलं. तो स्वतः बोटीत कधी बसला नव्हता. मग माझ्या तोंडाकडे बघून तो जरा गंभीर झाला.

"दिन कू इसकी लौ दिखती नै, मुन्शीजी. बुझ गई समझके ऊपर से स्पिरिट डाले, तो तुम भी गए, नाव भी गई. कटोरी में चुटकीभर नमक डालते जाओ. लौ पीली होती, आँख कू दिखती."

मी मान डोलावली. मान डोलावण्यात आम्ही तहसिलीतली माणसं तरबेज.

सकाळी घाटावर भिवाबानं बाटलीचं बूच काढून वास घेतला. त्याचा चेहरा आधी उजळला, मग पडला. म्हणाला, "ही पिता येत न्हाई व्हय? मग चुलीलाच कावून पाजायची?" तेव्हापासून त्या स्टोचं नाव पडलं पेताड चूल.

नाव घाटापासून सुटली की पाळायची, अशी भिवाबाच्या घराण्याची एक रीत होती. बसणाऱ्यानं आपल्या घरचं चिमूटभर मीठ गंगेला द्यायचं. मी कारण विचारलं. तो म्हणाला, समुद्र हे गंगेचं सासर. तिथं मिठाला तोटा नाही, पण ते सासरचं. माहेरचं चिमूटभर तिला वाटेत मिळावं, म्हणून. ही छपराखाली पडून ऐकत होती. माहेर हा शब्द आला तसा तिचा चेहरा जरा हलला.

मी मिठाची पुरचुंडी सोडली, नावेच्या कडेवर वाकलो... आणि नाव डुलली. चिमूट माझ्या बोटांतच राहिली, पुरचुंडी मात्र गंगेत. एक बुडबुडा आला, बस्स. घाबरून मी ती चिमूटही सोडून दिली.

भिवाबानं हसू दाबलं. "लई दिलदार हाय तुमी, मुन्शीजी. आमी चिमूट म्हनलो हुतो."

आता मीठ आणायचं कुठून? भिवाबाच्या शिदोरीत भाकरी आणि गूळ. नाव प्रवाहाला लागलेली, काठाला मांडीएवढा चिखल, दुकान असलेलं गाव संध्याकाळी लागणार. चव गेलेल्या माणसाला जेवू घालायला मी निघालो होतो, तो मीठ बुडवून. तहसिलीत असं केलं असतं तर खुलासा द्यावा लागला असता.

सकाळी पेताड चुलीवर तांदळाची पेज केली. ज्योत दिसेना, हात धरला की ऊब लागायची, त्यावरून चूल चालू आहे असं समजायचं. पेज झाली, हिच्यापुढे धरली. हिनं ओठ लावले, तोंड फिरवलं. मी चाखून पाहिली. हिचं काहीच चुकत नव्हतं. उरलेली पेज माशांना घातली; त्यांनीही फारशी घाई केली नाही.

दुपार झाली. ऊन असं की गंगेकडे बघवेना. मी पातेलं घासलं, हिच्या बाजूनं वाकून गंगेचं पाणी भरून घेतलं. तिथंच, अंथरुणाच्या कडेला, हिचा हात नावेबाहेर लोंबत होता आणि बोटं पाण्यात होती. पाणी गार लागत असेल म्हणून मी तो तसाच राहू दिला. मूगडाळ-तांदूळ वैरले, पातेलं तिवईवर ठेवलं. बराच वेळ गेला तरी उकळी येईना. हात धरायचं मला सुचलं नाही. सुचलं ते हेच, की चूल विझली, ओता स्पिरिट.

मी बाटलीचं बूच काढलं. बाटली वाटीकडे कलती केली. चूल आणि हिचं अंथरूण यांच्यात एका हाताचं अंतर, आणि सगळीकडे वाळकं गवत...

तेवढ्यात माझ्या हातावर पाण्याचे थेंब पडले. काही वाटीत पडले. चर्र आवाज झाला आणि वाटीतून एकदम पिवळी ज्योत उभी राहिली. हळदीसारखी पिवळी, स्वच्छ, माझ्या बाटलीच्या तोंडापासून वीतभर. चूल विझली नव्हती. मला दिसत नव्हती, इतकंच.

मी बाटली छातीशी धरून मागं सरकलो आणि तांदळाच्या पिशवीवर बसलो. वळून पाहिलं, तर हिचा हात हवेत होता. महिनाभर ज्या हातानं वाटी उचलली गेली नव्हती, तो. पाण्यातून काढून तिनं माझ्या अंगावर शिंतोडे उडवले होते. चुलीची ऊब तिला लागत होती, पण मला हाक मारायला आवाज नव्हता, म्हणून.

मागून भिवाबा शांतपणे म्हणाला, "चुलीनं डोळं उघाडलं, मुन्शीजी. तुमीबी उघडा."

ती ज्योत खिचडी शिजेपर्यंत पिवळीच राहिली. भर उन्हात आम्ही तिघंही तिच्याकडे बघत होतो. मीठ टाकलं की ज्योत पिवळी होते, हे करीमभाईचं बोलणं मला आठवत होतं, पण नावेत तर मिठाचा खडाही नव्हता.

खिचडी झाली. मी वाटीत काढून फुंकर घालत हिच्यापुढे धरली, मनात हकीमसाहेबांची दाढी. हिनं एक घास घेतला. तोंड फिरवलं नाही. दुसरा घेतला. मग थांबली, आणि कितीतरी दिवसांनी मला तिचा आवाज ऐकू आला. अगदी बारीक.

"अहो... आज मीठ नेमकं पडलंय."

मला वाटलं, ताप पुन्हा चढला. मी चाखलं. मीठ होतं. कमी नाही, जास्त नाही, आमच्या घरात असतं तेवढं. भिवाबाच्या तळहातावर चमचाभर दिलं. त्यानं डोळे मिटून खाल्लं आणि मान डोलावली. मी वाकून हिच्या बाजूचं पाणी ओंजळीत घेऊन प्यालो. गोड. दुसऱ्या बाजूचं प्यालो. तेही गोड. इतकं पाणी प्यालो की भिवाबा म्हणाला, "जरा ठिवा मुन्शीजी, नाव टेकंल खाली."

हिनं वाटी संपवली. मग दुसरीही, आणि पातेल्यात बघितलं. माझ्या आयुष्यात माझ्या हातच्या स्वयंपाकाला मिळालेली ती एकमेव दाद.

भिवाबाच्या मते यात नवल काहीच नव्हतं. "पानी आन नाव एकाच चालीनं चालतंय. सकाळचं पानी आपल्या संगंच हाय. तिला चिमूट पुरती. बाकीचं तिनं माघारी दिलं." एवढं बोलून तो वल्हं मारायला लागला, जणू शेजारणीनं उसनी वाटी परत केली होती.

संध्याकाळी गाव लागल्यावर मी मीठ घेतलं, तीन वेळा गाठ मारून. माहेरी हिनं महिनाभरात अंग धरलं. परतीला स्टो करीमभाईला दिला तेव्हा सगळं सांगितलं. तो म्हणाला, तुमच्या कपाळाचा घाम वाटीत पडला असेल, त्यातही नमक असतं. पटतं. आणि खिचडी? पातेल्याला आधीचं मीठ लागलेलं असेल, असं आमचे एक शाळामास्तर म्हणतात. पातेलं मी घासलं होतं हे लक्षात घेता ही शक्यता मलाही जवळची वाटते. पण सकाळची पेज त्याच पातेल्यातली होती... ती चाखून बघितल्याचं मला अजून आठवतं. म्हणजे खुलासा नाहीच. इतक्या वर्षांत सापडला नाही, आणि आता मी फारसा शोधतही नाही.

हे लिहितोय तेव्हा ही आत भाकरी थापतेय. आता मोटारी झाल्या, तरी मंजरथला जाताना ही हट्टानं भिवाबाच्या पोराच्या नावेत बसते आणि आधी चिमूटभर मीठ गंगेला देते. मीही देतो. पुडी मात्र ती माझ्या हातात देत नाही.