मेनचा फ्यूज आधी का गेला

बाबांचं ऑक्सिजनचं यंत्र वीज गेली की एकसुरी शिट्टी देतं. जानेवारीतल्या त्या सकाळी ती वाजली तेव्हा अकरा पंचवीस झाले होते. मी आत जाईपर्यंत बायकोनं बाबांची नळी यंत्रातून काढून सिलिंडरला लावलीही होती. घरातलं सगळंच बंद पडलं होतं. दोन खाचरांपलीकडे शेजाऱ्यांची पिठाची गिरणी मात्र चालू होती. म्हणजे लाइट सगळ्या रिहे गावाची गेली नव्हती, आमचीच गेली होती.

बाबांना ऑक्सिजनशिवाय दहा मिनिटंही निभत नाही. आदल्या दिवशी, गुरुवारी, दिवसभर लाइन बंद होती, तेव्हा सिलिंडर बहुतेक संपला होता आणि भरलेला त्या दिवशी संध्याकाळी येणार होता. सिलिंडर दहा लिटरचा, दाबाचा काटा दहा बारवर, म्हणजे शंभर लिटर ऑक्सिजन. बाबांना मिनिटाला दोन लिटर लागतात. पन्नास मिनिटं. पिरंगुटचा दवाखाना गाडीनं अर्ध्या तासावर. म्हणून मी ठरवलं, पावणेबारापर्यंत जमलं तर ठीक, नाहीतर सरळ गाडी काढायची. बायकोला तसं सांगितलं. तिनं चप्पल दारात आणून ठेवली.

मेन स्विचचा दांडा खाली केला. टेस्टर लावून पाहिला. मग मेनचा चिनी मातीचा फ्यूज ओढून काढला. आतली तार नुसती तुटली नव्हती, वितळून तिचे काळे शिंतोडे उडाले होते. ती तार मीच मोजून टाकलेली, पंधरा अँपिअरची. खोल्यांचे चार फ्यूज पाच-पाच अँपिअरचे. खोलीत काही बिघडलं तर त्या खोलीचा फ्यूज आधी जायला हवा. इथे मेनचा गेला होता.

तेवढ्यात शेजारी आले. बायकोनंच फोन केला होता. हातात तांब्याच्या तारेचा झुबका.

"घ्या सायेब. टाका अन् मोकळं व्हा. म्हाताऱ्याचा जीव टांगणीला हाय आन् तुमी चष्मा कसला पुसताय?"

"मामा, फ्यूज का गेला ते आधी बघू द्या."

"का जातोय? बारीक तार टाकली की जातोयच."

मी खोल्यांचे फ्यूज एकेक काढले. पहिले दोन बरोबर होते. तिसरा मागच्या खोलीचा, म्हणजे बाबांच्या. माझी तार कल्हईची, करडी, एकपदरी. ह्याच्यात लालभडक तांबं होतं. मी पदर मोजले. सात, एकत्र पिळलेले.

"हे कुणी टाकलं?"

"मीच की!" शेजारी खुशीत म्हणाले. "मोटारीच्या केबलची हाय. नऊ दिस झालं, गेली का एकदा तरी? न्हाई ना!"

मी बायकोकडे पाहिलं.

"तुम्ही बावधनला गेला होता," ती म्हणाली. "फ्यूज उडाला. तुमची तार कपाटात आणि किल्ली तुमच्या खिशात. मी काय करायचं होतं?"

"नंतर सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर तासभर ऐकावं लागलं असतं. आत्ता ऐकवणार आहात का? अकरा अडतीस झालेत."

कुणी भलती तार टाकू नये म्हणून मी चांगली तार कुलपात ठेवली होती.

मागच्या खोलीत गेलो. बाबांच्या पलंगामागचा बोर्ड हाताला गरम लागत होता. सॉकेट तपकिरी झालेलं, जळक्या प्लॅस्टिकचा वास. त्याच बोर्डावर यंत्र, शेगडीसारखा छोटा हीटर आणि बाबांच्या अंघोळीच्या पाण्याची रॉड. आतल्या वायरचं वेष्टण वितळून दोन तारा चिकटल्या असणार. तो फ्यूज मी बाहेरच ठेवला.

"किती राहिलाय?" बाबांनी विचारलं.

"भरपूर आहे."

"काटा मलापण दिसतो रे."

कपाट उघडून मेनची तार आणली. ती फ्यूजच्या खाचेतून जरा सैल न्यायची, स्क्रूला एक वेढा द्यायचा, फार आवळायचं नाही. शेकडो वेळा केलेलं काम. मी आवळली आणि ती स्क्रूपाशीच तुटली.

"पावणेबारा," बायको म्हणाली. "गाडी काढू?"

"दोन मिनिटं."

"तुम्हीच ठरवलं होतं."

"दोन मिनिटं, अगं."

ठरवलेली वेळ मी मोडली. त्याचं समर्थन आजही मला करता येत नाही. दुसरी तार बसली. पुढच्या खोलीचा तेवढा फ्यूज आत घातला, बाकीचे बाहेरच ठेवले, झाकण लावलं आणि बाजूला उभं राहून दांडा वर केला. पुढच्या खोलीतला दिवा लागला.

शेजाऱ्यांनी बाबांना खुर्चीत बसवून खुर्चीसकट पुढच्या खोलीत उचलून आणलं, मी सिलिंडर धरला, बायकोनं यंत्र ओढत आणलं. यंत्राला पुरता ऑक्सिजन द्यायला काही मिनिटं लागतात, तोवर नळी सिलिंडरलाच होती. ती बदलली तेव्हा बारा वाजायला सात मिनिटं होती आणि काटा पाचच्या खाली. यंत्राची धाप आणि बाबांची धाप वेगवेगळी ऐकू येत होती.

नंतर मी शेजाऱ्यांना पाटीवर आकडे मांडून दाखवले. रॉड दीड हजार वॅट, हीटर हजार, यंत्र चारशे. एकोणतीसशे भागिले दोनशे तीस, म्हणजे साडेबारा अँपिअर. तिथली वायर दिवा-पंख्याची, पाच-सहाची. नऊ दिवसांपूर्वी फ्यूज उडाला तो बरोबरच उडाला होता.

"म्हंजी मी टाकल्यापास्नं वायरच फ्यूज झाली म्हना," ते म्हणाले आणि हातातला झुबका खिशात घातला.

वायरमनकडून मागच्या खोलीची लाइन बदलून घेतली. रॉड आणि हीटर त्या बोर्डावरून हलवले. दोन्ही मापांच्या तारा चिठ्ठ्या लावून मेनशेजारी खिळ्याला अडकवल्या. कपाटाला आता कुलूप नाही.

रविवारी, सिलिंडर भरलेला असताना, बायकोला म्हटलं, तू टाकून बघ. तिनं दांडा खाली केला, टेस्टर लावला, माप वाचलं. पहिली तार आवळताना तुटली.

"तुमच्यासारखीच," ती म्हणाली आणि दुसरी घेतली.

बाबा सिलिंडरची नळी लावून दारात बसले होते, हातात घड्याळ. तिनं बाजूला उभं राहून दांडा वर केला, यंत्र सुरू झालं.

"सहा मिनिटं," बाबा म्हणाले. मग श्वास घ्यायला थांबले आणि माझ्याकडे वळले. "आता तू खुशाल बावधनला जा."