चौऱ्याहत्तर किलो

दिवाळीनंतर आमच्या गल्लीत दुपारी माणूस सापडत नाही. कापसाची वेचणी आणि संत्र्याची तोड एकदमच येते, आणि निम्मं सौंसर गाव शेतात जातं. नेमक्या अशाच एका दुपारी माझा नवरा न्हाणीच्या दारात घसरून पडला.

लकव्याने त्यांची डावी बाजू आदल्या वर्षीच गेली होती. पलंगावरून खुर्चीत यायचे ते माझ्या आधाराने, पण जमिनीवरून उठवणं मला कधी जमलंच नाही. त्या दिवशी काखेत हात घालून ओढलं, भिंतीला पाय लावून ओढलं. दवाखान्यात मोजले तेव्हा चौऱ्याहत्तर किलो भरले होते, आणि त्यातला एकही किलो माझ्याने हलला नाही. शेवटी मीही ओल्या फरशीवर त्यांच्याजवळ बसले. दिवस मावळताना शेजारचे दोघे शेतातून आले आणि त्यांना उचलून पलंगावर ठेवलं. संत्र्याच्या पेट्या स्वतः चढवून पांढुर्ण्याच्या मंडीत गाडी नेणारा हा माणूस भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. मला माझ्याच दंडांचा राग आला.

बसस्टँडजवळ बियाण्याच्या दुकानाच्या वर एक जिम आहे. सकाळी तासभर बायकांचा. शेजारच्या भाऊजींना ह्यांच्याजवळ चहा देऊन बसवलं आणि गेले.

"काकू, वजन कमी कराचं आहे ना?" तिथल्या शिकवणाऱ्या पोराने विचारलं.

"नाही. माणूस उचलाचा आहे."

तो हसला. मी हसले नाही. मग त्याने दोन छोटे डंबेल हातात दिले. हलकं वजन, वीस-वीस वेळा. बायकांना तेच बरं, असं त्याचं म्हणणं. पलीकडे, बायकांची वेळ संपायच्या आतच आलेली पोरं जाड्या रॉडला लोखंडी प्लेटा लावून जमिनीवरून उचलत होती. चारपाचदाच, पण भारी. दर आठवड्याला थोडं वाढवायचं. मी तिकडे बोट दाखवलं.

"भारी उचललं तं कंबर जाईन, काकू."

ही भीती मलाही होतीच. माझी कंबर गेली तर घरात दोन पलंग, आणि पाण्याचा तांब्या द्यायला कोणी नाही. आठवडाभर मी डंबेल हलवत राहिले आणि नजर रॉडवर ठेवली. मग एका सकाळी मनाशी म्हटलं, बाई, त्यांना वीस वेळा थोडंच उचलायचं आहे? एकदाच उचलायचं, पण सगळंच्या सगळं. डंबेल ठेवले आणि रॉडकडे गेले.

पोरगा शिकवायला मात्र चांगला निघाला. गुडघे वाकव, पाठ सरळ ठेव, घाई नको. "वजन वाढवलं नाही तं ताकद वाढत नाही," तो सारखा सांगायचा, "आणि खाल्लं नाही तं काहीच वाढत नाही."

म्हणून मी घरी अंडी उकडायला लागले, दोघांसाठीही. "माझं बी तूच खाय," हे म्हणायचे. "तुले लागते." लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ह्यांनी आपल्या ताटातलं कधी काढून दिलं नव्हतं. मी खूश झाले आणि दोन्ही अंडी खाल्ली.

घरी गव्हाचं पोतं उचलायचा सराव करायचे, तर हे पलंगावरून बघत. "पोत्याले हातपाय नसते," एकदा म्हणाले. "मी तुले घेऊन पडीन." त्या दिवशी मी पोतं अर्ध्यावरच खाली ठेवलं. तरी रोज जिममधून आले की विचारायचेच, आज किती झालं? मी चाळीस सांगितलं, पुढे पन्नास सांगितलं. मंडीतला भाव ऐकावा तशी ते मान हलवत. तिकडे गल्लीतलं एक कुत्रं जेवणाच्या वेळी आमच्या खिडकीखाली येऊन बसायला लागलं होतं. त्याचा आमच्यावर जीव जडला असेल, असं मला वाटलं.

होळीच्या सुमारास मृग बहाराच्या संत्र्याची तोड सुरू झाली, गल्ली पुन्हा रिकामी झाली आणि हे पुन्हा पडले. त्याच दारात. मी तोवर साठवर पोचले होते.

"राहू दे. संध्याकाळी येतीन सगळे."

"गळ्यात हात टाका."

"पडशीन तू."

"टाका म्हणते ना."

उजवा हात माझ्या मानेभोवती आला. मी गुडघे वाकवले, पाठ सरळ केली, दात आवळले. वरचे चौदा किलो कुठून आणायचे ते मला माहीत नव्हतं. जोर लावला आणि ते उठले. थेट उभे झाले माझ्या मिठीत. मला इतका आनंद झाला की त्यांना तशीच धरून उभी राहिले.

मग माझ्या हाताला त्यांच्या फासळ्या लागल्या. साठ किलो कसे लागतात हे माझ्या कंबरेला चांगलं ठाऊक होतं. हे तेवढेच होते, त्याहून जास्त नाही. लकव्याने अंग वाळतं असं सगळे म्हणायचे, आणि रोज अंग पुसूनही मी तेच धरून चालले होते.

त्यांना पलंगावर बसवलं. बाहेर कुत्रं जेवणाची आठवण देत कुईकुई करत होतं. मी पलंगाशेजारच्या खिडकीतून खाली वाकून बघितलं. भाकरीचे तुकडे पडले होते, काही ताजे, काही वाळून कडक झालेले.

"काहून असं केलं?"

त्यांनी खिडकीकडे पाहिलं. मग म्हणाले, "तू मेहनत करून राहिली होती. म्हटलं, राहिलेलं मी करतो."

मी रडले, आणि रडता रडता भांडलेही. मग वरणात भाकर कुस्करली, खिडकी लावून घेतली आणि ताट पुसून होईपर्यंत समोर बसले.

दुसऱ्या दिवशी रॉडला आणखी दोन प्लेटा लावायला सांगितल्या.

"काकू, एवढी काय घाई आहे?" पोराने विचारलं.

"घरचा माणूस जेवाले लागला," मी म्हटलं.